घट्ट झालेली सेफ्टी आणि प्रमादाचा प्रश्न

बंदुकीतून नकळत गोळी सुटली, तर दोष कोणत्या क्षणाचा? चाप दाबला गेला त्या क्षणाचा, असे आपण सहज म्हणतो. जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींकडे नीट पाहिले की हे उत्तर अपुरे पडते. जॉन ब्राउनिंगने घडवलेल्या विंचेस्टर १८९४ला जवळजवळ शतकभर वेगळी सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारा खटका, नव्हती. घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायचा आणि लिव्हर पुरती मिटल्याशिवाय चाप चालायचा नाही, एवढीच तजवीज होती. पण घोडा बाहेर असल्यामुळे रायफल कोणत्या स्थितीत आहे ते दिसे तरी. आर्थर सॅव्हेजच्या १८९९च्या रायफलीत बाहेर घोडाच नाही. तिथे सरकत्या सेफ्टीवर बरीच भिस्त. ती घट्ट झाली, की प्रश्न नुसत्या गैरसोयीचा उरत नाही.

अशी सेफ्टी सहसा एका दिवसात अडकत नाही. आतले तेल वाळून चिकट होते, त्यावर धूळ आणि काजळी बसते, दमट हवेत गंज चढतो. कधी खोलताना एखाद्या भागाची कड उचलली गेलेली असते. इलाज साधा आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी काडतुसे काढून दूर ठेवायची, लिव्हर उघडून चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करायची, मग सॉल्व्हंटने जुना थर काढून तेलाचा पातळ हात द्यायचा. तरीही भागले नाही तर जाणत्या कारागिराकडे जावे. घरीच कानस चालवली तर सेफ्टी हलकी होईल, पण चाप अडवण्याचे तिचे कामच कदाचित संपेल. यातले काहीच केले नाही, तर अंगठ्याला जड जाणारी सेफ्टी माणूस हळूहळू लावेनासा होतो. तसे कोणी ठरवत नाही. ते होत जाते. गोळी सुटण्याआधी कितीतरी दिवस दोष घडून गेलेला असतो.

या दोषाची सर्वांत नेमकी मांडणी जैन विचारात सापडते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीला प्रमादाची, म्हणजे बेसावधपणाची, जोड दिली आहे. साधूंच्या पाच समितींपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी, एक तर वस्तू उचलण्या-ठेवण्यातल्या दक्षतेचीच आहे. जवळची उपकरणे नेमाने निरखून पाहणे हाही त्यांच्या आचाराचा भाग. दक्षता मनाची खरी, पण ती हातातल्या वस्तूच्या निगेतून पारखली जाते, असा याचा अर्थ मी घेतो. यावर पहिला आक्षेप असा: शिकारीच्या हत्याराला अहिंसेची परिभाषा लावणे विसंगत नव्हे काय? शिकार ही संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली हिंसा, आणि श्रावकालाही, म्हणजे गृहस्थ जैनालाही, ती वर्ज्य. स्वच्छ सेफ्टीने तिला पुण्य चिकटत नाही. माझा दावा त्याहून लहान आहे: धरणाऱ्याने जे योजलेच नव्हते, त्या इजेचा हिशेब कुठून सुरू करायचा, एवढाच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९२मध्ये त्याच विंचेस्टर १८९४ला आडवी दाबायची सेफ्टी बसली, तेव्हा अनेक शौकिनांना ती रुचली नाही; खरी सेफ्टी डोक्यात असते, यंत्रावर विसंबले की डोके सुस्तावते, असे त्यांचे म्हणणे. सॅम पेल्ट्झमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७५मध्ये मोटारींबद्दल असाच युक्तिवाद केला होता: सुरक्षेची साधने वाढली की चालक अधिक धोका पत्करतात. त्याच्या निष्कर्षांवर पुढे वाद झाले, तरी खटक्यावर विसंबून नळी कुठेही वळवणारा माणूस असू शकतो, हे नाकारता येत नाही. पण हा आक्षेप यंत्र आणि दक्षता यांना एकमेकांचे पर्याय मानतो. डोके खरोखर जागे असेल, तर खटका जड झाल्याचे पहिल्यांदा त्यालाच कळायला हवे. शिवाय थंडीने बोटे बधिर होतात, थकव्याने लक्ष ढळते. आपले लक्ष ढळणार हे ओळखून आधीच सोय करणे हा दक्षतेचाच भाग आहे.

म्हणून जबाबदारीची रेघ चापापाशी न ओढता निगेपाशी ओढावी. तिलाही मर्यादा आहे. आतला भाग बाहेरून न दिसता तुटला, तर मालकाला प्रमादी म्हणणे अन्यायाचे होईल. घट्टपणाचे मात्र तसे नाही. तो दर वेळी अंगठ्याला जाणवतो. जाणवूनही ‘पाहू नंतर’ म्हणणाऱ्याला पुढे ‘नकळत झाले’ असे म्हणण्याचा अधिकार राहत नाही.