दाखल्यातला रकाना

जुन्नर-आंबेगावकडे शाळाप्रवेशाच्या वेळी आम्ही शिक्षक जनरल रजिस्टरात ‘मुलगा’ वा ‘मुलगी’ लिहितो. ती गवाही पालकांची असते. मोठेपणी ते मूल स्वतः वेगळे सांगू लागले, तर कोणाची गवाही मानायची?

जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीसाठी स्त्री म्हणून भरलेला अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने त्यांचाच शब्द मानला; त्या निवडूनही आल्या.

आपल्या फिकहमध्ये ‘खुन्सा’वर स्वतंत्र प्रकरण आहे. तो विचार देहाच्या खुणांचा, मनाचा नव्हे, हे कबूल. पण वारशातला त्याचा हिस्सा बुजुर्गांनी बुडू दिला नाही. मग २०१९ च्या कायद्याखालचे जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र घेऊन जुना विद्यार्थी दारात आला, तर त्याला मसले ऐकवण्याआधी आम्ही रजिस्टर काढावे, असे आम्हाला वाटते.