काठावरची ओळख

हजीऱ्याला तापी समुद्राला मिळते. अलीकडे हजीरा, पलीकडे डुमस आणि मधे भरती चढली की उलटं वाहू लागणारं रुंद, गढूळ पाणी. मुलताईला उगम पावलेली, चांगदेवजवळ पूर्णेला पोटात घेतलेली ही नदी सातशेहून अधिक किलोमीटर चालून इथे पोचते.

ओहोटी लागली की काठचा चिखल दूरवर उघडा पडतो. प्रथमदर्शनी तो ओसाड वाटतो. घटकाभर उभं राहिलं की निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसू लागतात, खेकडे बिळांच्या तोंडाशी येतात. तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात आणि कुरल पक्षी आपली लांब, बाकदार चोच खुपसून भक्ष्य शोधत असतो. मागे कारखान्यांची धुरांडी आणि बंदरातल्या क्रेन असल्या, तरी या चिखलाचा दिवस भरती-ओहोटीवरच चालतो.

याच नदीने ऑगस्ट २००६मध्ये तिच्या काठावरच्या सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली नेला. उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावं लागलं. पाऊस पडला होता वर, खानदेशात आणि विदर्भात. खाली ९ ऑगस्टला नारळी पौर्णिमा होती, म्हणजे समुद्राला उधाण. वरून पूर आणि समोरून भरती, अशा वेळी मुखाशी पाण्याचा निचरा मंदावतो. म्हणून इथे राहणाऱ्याला डोक्यावरचं आभाळ पाहून भागत नाही. वर खानदेशातल्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आणि पंचांगातली तिथी, दोन्ही ठाऊक असावं लागतं. सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांना यातली पहिली खबर अनेकदा गावाकडच्या फोनवरूनच कळते.

पुराचा अनुभव घेतलेल्या शहराला नदीकडे पाठ फिरवावीशी वाटते. काठाला पूरभिंती बांधल्या जातात आणि त्या हव्यातच. पण भिंतीआड गेलेली नदी हळूहळू मनाआडही जाते. उकाई १९७२मध्ये पूर्ण झालं आणि आता धोका टळला, अशी समजूत रुजत गेली. त्यानंतर वाढलेल्या पिढीला १९६८च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं, हे पाहायला मिळालंच नव्हतं. आठवण पुसली की पात्रालगतची जमीन नुसती मोकळी जागा वाटू लागते, आणि मोकळ्या जागेवर घर उठायला वेळ लागत नाही.

मला वाटतं, नदीचा आनंद घेणं ही काठावरच्या माणसाची जबाबदारीसुद्धा आहे. जो रोज तिच्याकडे जातो, त्याला कुठे गाळ साचतोय, कुठली तिवरं तुटली, कुठे भराव पडला, हे सगळ्यांत आधी दिसतं. इथल्या मच्छीमाराला उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, पाठ असतात, कारण त्याचं पोट त्यावर आहे. आपलं पोट त्यावर नाही. मग आपल्याला काठावर नेणारं आणि पाहत ठेवणारं एकच उरतं, ते म्हणजे प्रेम. नुसती भीती पाणी ओसरल्यावर ओसरते. प्रेम पावसाळ्याबाहेरच्या आठही कोरड्या महिन्यांत नदीकडे पाहत राहतं.

आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिवस साजरा होतो, तिला चुनरी अर्पण केली जाते. त्या भक्तीला रोजच्या ओळखीची जोड मिळाली, तर नदीला तिची जागा देणं जड वाटणार नाही. तिला किती जागा लागते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलंय, तो तिथे भराव टाकणार नाही आणि दुसऱ्याला टाकूही देणार नाही.

म्हणून आज थोडा वेळ काढावा. मुलांना काठावर न्यावं, निवट्या दाखवाव्यात, पक्ष्यांची नावं सांगावीत. आणि वस्तीतल्या एखाद्या आजोबांना विचारावं, महापुरात पाणी कुठवर आलं होतं? ती खूणही त्याच फेरीत मुलांना दाखवावी. नदी आवडणं आणि नदी ओळखणं, दोन्ही एकाच काठावर शिकायला मिळतं.