बारा टोपल्या आणि एक मडकें

मूळ वचन: योहान 6:12



जवाच्या पांच भाकरी व दोन मासे ह्यांवर प्रभूनें सुमारें 5000 पुरुषांस तृप्त केलें, आणि लागलीच उरलेले तुकडे गोळा करण्याची आज्ञा शिष्यांस दिली. ज्याच्या हातीं इतकें सामर्थ्य, त्यास तुकड्यांची काय गरज? तथापि शिष्यांनीं 12 टोपल्या भरल्या. ह्यावरून दिसतें कीं, काटकसर ही केवळ गरिबाची अडचण नव्हे. देणाऱ्याचा मान राखणें तें हेंच.

हीच शिकवण आपल्या परसबागेस लागू करूं या. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या मुलखांत पुष्कळ ठिकाणीं वर्षास 500 ते 600 मिलिमीटरच पाऊस पडतो. भर दुपारीं शिंपलेलें पाणी बरेंचसें उन्हानें उडून जातें. ह्यास्तव सकाळीं लौकर किंवा सूर्यास्तानंतर शिंपावें. झाडाभोंवतीं आळें करून त्यांत पालापाचोळा अंथरावा, म्हणजे ओल टिकते. भाजीच्या वेलाजवळ भाजलेल्या मातीचें, झिलई नसलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरावें, पाण्यानें भरावें व वर झांकण ठेवावें. भोंवतालची माती कोरडी होईल तसतसें पाणी मडक्याच्या अंगांतून झिरपतें आणि थेट मुळांस मिळतें. तांदूळ व भाजी धुतलेलें पाणीही मोरींत न सोडतां झाडांस घालावें.

कोणी म्हणेल, “विहीर माझी, पाणी माझें.” परंतु जमिनीखालच्या झऱ्यास शेताचा बांध ठाऊक नाहीं. एकानें अमर्याद उपसलें कीं शेजाऱ्याची विहीर खालावते. 1927 सालीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं हजारों लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले, कारण सार्वजनिक पाण्यास हात लावण्याची त्यांस मनाई होती. आपणांपैकीं कित्येकांच्या आजोबांनींही विहिरीपासून दूर उभें राहून, दुसऱ्यानें वरून ओतलेल्या पाण्यासाठीं ओंजळ पसरली. त्यांच्या नातवंडांनीं आपलें आळें तुडुंब भरून शेजारणीची घागर रिकामी ठेवावी काय?

उपदेशक बंधूंनो, मंदिराच्या अंगणांत प्रथम तुम्हीच एक मडकें पुरून दाखवा. मग घरोघर सांगा. वांचलेली घागर ज्या घरीं पाणी नाहीं तेथें पोंचवा. तीच आपली तेरावी टोपली होय.

ज्यानें तुकडेही मोजले, तो प्रभु आपणांस विश्वासू कारभारी करो. आमेन.