हातचा कुठे राहतो?

'हातचा' या शब्दातच हात आहे. आठ नि सात पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. दुसरीतलं मूल हा एक बोटावर धरतं किंवा पाटीच्या कोपऱ्यात बारीक लिहून ठेवतं आणि डावीकडच्या घरात मिळवला की पुसून टाकतं. सांगलीच्या हळदपेठेत अडत दुकानातले जुने दिवाणजी रोजमेळाची लांबलचक बेरीज तोंडी करायचे, तेव्हा हातचा कागदावर उतरतही नसे. तो बोटाच्या पेरावर असे, नाहीतर मनात.

मग ज्याला बोटं नाहीत आणि मनही नाही, अशा वस्तूकडून बेरीज करून घ्यायची तर हातचा ठेवायचा कुठे? गणनयंत्रांचा पावणेचारशे वर्षांचा इतिहास बराचसा या एका प्रश्नाभोवती फिरला आहे. कराडच्या किंवा सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ब्रेडबोर्डवर पहिली आयसी खोचणारा विद्यार्थीही त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो, आणि त्याला तो एका दुपारच्या प्रॅक्टिकलमध्ये सोडवायचा असतो.

१६४२ साली ब्लेझ पास्कालने वडिलांच्या करवसुलीच्या हिशेबासाठी चाकांचं यंत्र करायला घेतलं, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. नऊवरून शून्यावर येणाऱ्या चाकाने शेजारच्या चाकाला एक घर ढकलायचं, ही कल्पना सोपी. पण ९९९९९ मध्ये एक मिळवला की सगळी चाकं एकाच झटक्यात फिरवायला केवढा जोर लागेल! पास्कालने तोड काढली. चाक फिरताना एक वजन थोडंथोडं उचललं जाई आणि शून्य येताच ते खाली पडून पुढच्या चाकाला ढकले. हातचा त्या टांगलेल्या वजनात साठून राहायचा. पुढे दोनशे वर्षांनी चार्ल्स बॅबेजने हा हातचा घरोघर जाण्यात जाणारा वेळ कसा वाचवावा यावर खूप डोकं खर्च केलं. तो धागा या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

हे झालं आकड्यांचं. तर्क वेगळ्याच घरात नांदत होता.

सांगलीहून कृष्णाकाठाने वर गेलं की कराड आणि आणखी वर वाई. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले लक्ष्मणशास्त्री जोशी महाराष्ट्राला 'तर्कतीर्थ' या पदवीनेच ठाऊक आहेत. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हा न्यायशास्त्राचा ठरलेला दाखला. त्यात विधानं असतात, हेतू असतो, अनुमान असतं. आकड्यांना तिथे काम नसतं. पेठेतल्या दिवाणजींना शास्त्रार्थाची गरज पडली नाही आणि शास्त्र्यांना रोजमेळाची. तर्कतीर्थांच्या संपादनाखाली १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड वाईतून बाहेर पडला. पुढच्या खंडांत 'तर्कशास्त्र'ही आलं आणि 'संगणक'ही, पण अकारविल्ह्यात या दोन नोंदी एकमेकींपासून लांब पडल्या. त्यांच्यातली वाट मळायला जगालाही बराच काळ लागला होता.

वाटेचं पहिलं टोक १८५४ सालचं. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात शिकवणाऱ्या जॉर्ज बूलने विधानांचं बीजगणित मांडलं: खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०, 'आणि' म्हणजे गुणाकार. दोन्ही विधानं खरी असली तरच गुणाकार १. त्याच काळात हेच रान नांगरणारा ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुराईत जन्मला होता. डिप्लोमाच्या 'डिजिटल टेक्निक्स'मध्ये पाठ करावे लागणारे दोन नियम त्याच्याच नावाचे.

बूलला अडवलं ते 'किंवा'ने. 'किंवा' दोन जातींचा असतो आणि मराठी बोलणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. 'आधार कार्ड किंवा रेशन कार्ड आणा' असं सांगितल्यावर कुणी दोन्ही आणली तर त्याला परत पाठवत नाहीत. 'एसटीने जाणार की रेल्वेने?' याला मात्र एकच उत्तर चालतं. बूलने बेरजेचं चिन्ह या दुसऱ्या, एकमेकांना वगळणाऱ्या पर्यायांसाठी राखलं होतं. नंतरच्या तर्कशास्त्रज्ञांनी ते सैल केलं. सर्किटमध्ये दोन्ही लागतात. तर्काची अशी एकेक क्रिया करणाऱ्या जोडणीला गेट म्हणतात: पहिला ऑर गेट, दुसरा एक्सॉर.

एक्सॉर हे नाव परकं वाटलं तरी वस्तू घरातली आहे. साताऱ्यातल्या कुठल्याही दुमजली घरात जिन्याचा दिवा खालून लावून वर गेल्यावर विझवता येतो. वायरमन दोन टू-वे स्विच आणि त्यांच्यामध्ये दोन वायरी टाकून ही जोडणी करतो. कुठलंही एक बटण दाबलं की दिव्याची स्थिती उलटते. दोन्ही दाबली तर होती तशीच राहते. हाच एक्सॉर.

आता ० आणि १ हे दोनच अंक असलेल्या पद्धतीतली बेरीज पाहावी. ० नि ० शून्य. ० नि १ एक. १ नि ० एक. १ नि १ शून्य, हातचा एक. सगळे पाढे, सगळ्या उजळण्या या चार ओळींत आटोपतात. घरात लिहायचा अंक पाहिला तर तो जिन्याचा दिवा आहे. हातचा पाहिला तर तो 'आणि' आहे: हाही असेल आणि तोही असेल, तरच. दिवाणजींच्या पेरावरचा हातचा आणि शास्त्र्यांच्या वाक्यातला 'आणि' एकच निघाले.

हे पाहायला मात्र बूलनंतर त्र्याऐंशी वर्षं जावी लागली. १९३७ साली बेल लॅबमधल्या जॉर्ज स्टिबिट्झने टेलिफोनचे दोन रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या घरी आणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक सर्किट जोडलं. दोन पट्ट्या दाबल्या की बल्ब बेरीज दाखवायचे. स्वयंपाकघरासाठीच्या इंग्रजी शब्दाचं आद्याक्षर घेऊन पत्नीने त्याला 'मॉडेल के' हे नाव दिलं. त्याच वर्षी क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एमआयटीतल्या प्रबंधात दाखवून दिलं की एकसर जोडलेले स्विच म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले म्हणजे 'किंवा', आणि म्हणून बूलचं सगळं बीजगणित तारांना जसंच्या तसं लागू होतं. बूलची ओळख त्याला कॉलेजात असताना तत्त्वज्ञानाच्या तासाला झाली होती. जपान आणि रशियातही त्याच सुमारास काही जण स्वतंत्रपणे इथवर पोचले होते.

महाराष्ट्रात ही विद्या हाताने शिकली गेली ती मुंबईत. १९५४ नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्याभोवती जमलेल्या तरुणांपैकी जवळजवळ कुणीही तोवर संगणक वापरलेला नव्हता. त्यांनी आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र उभं केलं, चुका त्याच्यावर करून घेतल्या आणि मग १९६० साली टिफ्रॅक हा पूर्ण संगणक सुरू केला. त्यात अडीच हजारांहून जास्त व्हॉल्व्ह होते आणि संख्या ४० बिटांची होती, म्हणजे हातच्याला ओलांडायची चाळीस घरं. शिकण्याची ही रीत, आधी लहान करून पाहायचं आणि मग मोठं, कुठल्याही अभ्यासक्रमाने उचलावी अशी आहे.

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ सालचं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं. टिफ्रॅकच्या व्हॉल्व्हचं काम करणारे गेट १९६० च्या दशकातच नखाएवढ्या सिलिकॉनवर आले आणि ७४०० मालिकेच्या आयसी पुढे प्रयोगशाळांत रुळल्या. एका ७४०० मध्ये चार नँड गेट असतात: 'आणि'चं उत्तर उलटं करून देणारे. फक्त नँड हाताशी असला तर बाकी सगळे गेट त्यातून बनवता येतात. अर्ध्या बेरजेला, म्हणजे हाफ अॅडरला, पाच नँड लागतात. आधीच्या घरातून आलेला हातचाही मिळवायचा असेल तर नऊ.

शाळेतून येणाऱ्या मुलाला यातलं बरंच आधीच भेटलेलं असतं. बारावीच्या गणितात 'मॅथेमॅटिकल लॉजिक'च्या प्रकरणात स्विचच्या एकसर-समांतर जोडण्या येतात. पण तिथला स्विच कागदावरचा. आकृती काढली की प्रश्न सुटला. ही मोठी हानी आहे, कारण कागदावरचा स्विच कधी चुकत नाही. ब्रेडबोर्डवर आयसीची खाच उलट्या बाजूला गेली की ती तापते. ७४०२ दिसायला ७४०० सारखीच, पण तिचं आउटपुट पहिल्या पिनवर, त्यामुळे सवयीने जोडलेलं सर्किट वेड्यासारखं वागतं. मोकळी सोडलेली इनपुट पिन शून्य असेल असं वाटतं, आणि या आयसी तिला एक समजतात. काही न जोडणं आणि शून्य जोडणं यांतला फरक बोटांना कळला की तो विसरत नाही. सिम्युलेटरवर शिकणाऱ्याला ही अडचण भेटतच नाही. म्हणून सिम्युलेटर आधी नको, नंतर हवा.

पूर्ण बेरजेत इनपुट तीन, म्हणून ट्रुथ टेबलच्या ओळी आठ. इंग्रजी पुस्तकातून ती पाठ करणाऱ्या मराठी मुलाच्या हे लक्षात येत नाही की या आठ ओळी त्याने वृत्तांच्या धड्यात शिकलेल्या आहेत. लघू म्हणजे ०, गुरू म्हणजे १, तीन अक्षरांचा एक गण. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र एकेक अक्षर पुढे सरकत तीन-तीन अक्षरांनी वाचलं की आठही गण मिळतात, एकही दोनदा नाही. त्यात हातचा कुठे येतो ते तपासावं: जिथे दोन किंवा तीन गुरू आहेत तिथे. ते गण य, म, त, र. सूत्रातले नेमके पहिले चार. उरलेल्या ज, भ, न, स या चारांत हातचा नाही. यावरून छंदःशास्त्र लिहिणाऱ्या पिंगलाने संगणक शोधला होता असं म्हणायचं कारण नाही. पण आठ शक्यता न चुकता मोजून काढायची सवय आपल्या भाषेत जुनी आहे, आणि वर्गात तिचा उपयोग करायला पैसे लागत नाहीत.

अशी चार घरं एकापुढे एक जोडली की चार बिटांची बेरीज होते. १११० मध्ये १ मिळवला तर पहिल्याच घरात काम संपतं. ११११ मध्ये १ मिळवला की हातचा पहिल्या घरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा चालत जातो. स्लॅब टाकताना मजूर रांगेत उभे राहून घमेली पुढे देतात, तसा. एका गेटमधून जायला एका सेकंदाचा सुमारे दहा कोटीवा भाग लागतो. ऐकायला नगण्य; पण चाळीस घरं असली तर चाळिसाव्या घराला सगळ्यांची वाट पाहावी लागते. बॅबेजला छळणारा प्रश्न हाच.

त्यावरचा उपाय बॅबेजने चाकांत शोधला आणि १९५८ मध्ये तो इलेक्ट्रॉनिक बेरजेसाठी नीट मांडला गेला. प्रत्येक घराला दोन गोष्टी आधीच माहीत असतात. दोन्ही अंक १ असतील तर हातचा इथेच जन्मणार, मागून काही येवो न येवो. एकच अंक १ असेल तर मागून आलेला हातचा तसाच पुढे जाणार. या दोन उत्तरांवरून चौथ्या घरातला हातचा रांगेची वाट न पाहता थेट काढता येतो. ७४८३ या आयसीत चार घरांची बेरीज याच रीतीने होते. तिला पाचव्या पिनवर पाच व्होल्ट लागतात आणि बाराव्यावर ग्राउंड, ही आणखी एक सवय मोडणारी गोष्ट.

त्याच आयसीची तेरावी पिन पहिल्या घरात येणाऱ्या हातच्याची. पहिल्या घराच्या मागे घरच नाही, मग तिथे हातचा येणार कुठून? बेरजेपुरती ती ग्राउंडला बांधून टाकतात. वजाबाकी करायची वेळ आली की तिचं कारण कळतं. वजा करायच्या संख्येचे चारही अंक एक्सॉरमधून उलटे करायचे, तेराव्या पिनला १ द्यायचा आणि बेरीजच करायची. ७ मधून ५ वजा करताना ०१११ मध्ये १०१० आणि वरचा एक मिळवला जातो. चार दिवे ००१० दाखवतात, म्हणजे दोन, आणि चौदाव्या पिनवर हातच्याचा पाचवा दिवा पेटतो. ५ मधून ७ वजा केले की चार दिव्यांवर १११० येतं आणि पाचवा विझलेला राहतो.

पुष्कळ विद्यार्थी पाचवा दिवा जादाचा समजून वहीत त्याची नोंदच करत नाहीत. तीन-चार जोड्या करून पाहिल्या तर दिसतं की पहिली संख्या दुसरीहून लहान नसेल तेव्हाच तो पेटतो. स्विच बदलत गेलं तरी तो तेवढंच सांगत राहतो: मोठी किंवा बरोबरीची असेल तर हो; लहान असेल तर नाही. बेरजेचा हातचा इथे विधान झालेला असतो, खरं किंवा खोटं. विद्यार्थी मग चौदाव्या पिनवरची वायर दिव्यातून काढून पुढच्या आयसीला जोडतो, 'जर' म्हणून.