उचलणे आणि खाली ठेवणे

भटक्या प्राण्याला घरात घेण्याविरुद्ध आपल्या परंपरेत जो सर्वांत गंभीर आक्षेप सापडतो, तो भागवताच्या पाचव्या स्कंधातल्या भरत राजाच्या कथेत आहे. राज्य सोडून गंडकीकाठी पुलहाश्रमात राहिलेला हा तपस्वी एक दिवस नदीवर बसलेला असतो. सिंहाच्या गर्जनेने बिथरलेली गाभण हरिणी प्रवाहावरून उडी घेते, पाडस पाण्यात पडते, हरिणी मरते आणि भरत ते पोरके पाडस आश्रमात आणतो. मग त्याला गवत घालणे, कुरवाळणे, लांडग्या-वाघांपासून जपणे, यातच दिवस जाऊ लागतो. एकेक करून नियम सुटतात, पूजा सुटते. मरणाच्या वेळी मनात हरीणच असते, म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनांतून, प्रवचनांतून ही कथा शतकानुशतके सांगितली गेली आणि तिचा अर्थ ठरून गेला, की साधकाने मुक्या जिवाचा लळा लावून घेऊ नये. जिन्याखाली व्यालेल्या मांजरीची पिल्ले घरात आणणाऱ्या बाईला घरातली वडीलधारी माणसे ‘कशाला मायेत गुंततेस’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यामागे कळत नकळत भरतच उभा असतो.

पण कथा नीट वाचली तर ती पाडस उचलण्याला दोष देत नाही. भरताच्या मनातला युक्तिवाद भागवतकाराने मोकळेपणाने मांडला आहे: या पोरक्या जिवाला माझ्यावाचून कोणी नाही, आणि आश्रयाला आलेल्याची उपेक्षा करणे हा दोष आहे हे जाणणाऱ्याने त्याला टाकून देऊ नये. हा विचार कथेत कुठेही खोडून काढलेला नाही. निवेदकाला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. सोडायला अतिशय कठीण अशी पोटची मुले ज्याने सोडली, तो परक्या जातीच्या हरणात कसा अडकला? हरीण मोठे झाले, आपले आपण रानात फिरू लागले, तरी ते नजरेआड होताच भरत विलाप करतो, त्याच्या खुरांच्या खुणांनी पावन झालेल्या जमिनीचे भाग्य वाखाणतो. हरणाला आता त्याची गरज उरलेली नाही, त्याला मात्र हरणाची आहे. घसरण नेमकी इथे होते. भरताने उचलले ते योग्यच केले. खाली ठेवायची वेळ आली तेव्हा त्याला ठेवता आले नाही. भटक्या मांजराची पिल्ले वाढवणे हा मोह आहे की धर्म, या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते या दोन कृतींच्या मधोमध आहे.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांनी या विषयावर फार खोल विचार केला आहे, जरी त्यांचा विषय मांजर नव्हता. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या. वडकलै शाखा जीवाला माकडाच्या पिल्लाच्या जागी ठेवते, जे आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून असते. तेंकलै शाखा त्याला मांजराच्या पिल्लाच्या जागी ठेवते. ते काहीच करत नाही, आई मानेला धरते आणि नेते. ईश्वराच्या कृपेला पात्र होण्यासाठी पिल्लाला काही मिळवावे लागत नाही, हे तेंकलै आचार्यांचे म्हणणे शरीरशास्त्राच्या अंगानेही अचूक आहे. जन्मल्यावर साधारण सात ते दहा दिवस पिल्लाचे डोळे मिटलेले असतात. अंगाची ऊब त्याला स्वतः टिकवता येत नाही. आईने चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. म्हणून अगदी कोवळे पोरके पिल्लू घेणाऱ्याला दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, उठावे लागते, आणि गाईचे दूध पाजले तर जुलाबाने ते दगावू शकते, हेही ठाऊक असावे लागते. पण दृष्टान्त पिल्लू तोंडात असेपर्यंतच चालतो, मांजरीचे आईपण मात्र त्यापुढेही चालते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ती दूध तोडू लागते. आधी मेलेला उंदीर आणून समोर टाकते, मग अर्धमेला, आणि दोन महिन्यांच्या आसपास दुधाला झोंबणाऱ्या पिल्लाला पंजा मारून दूर करते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपल्याकडे म्हणतात; त्या फिरवण्यात जितके जपणे आहे तितकेच या पंज्यातही आहे. माणूस पिल्लू उचलतो तेव्हा या सगळ्या क्रमाची जबाबदारी त्याच्यावर येते, केवळ पहिल्या गोड भागाची नाही.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. पार्किंगमध्ये किंवा माळ्यावर एकटी दिसलेली पिल्ले पोरकी असतातच असे नाही. बहुतेक वेळा आई खायला शोधायला गेलेली असते. लांबून काही तास पाहिल्याशिवाय पिल्ले उचलणे म्हणजे दयेच्या भरात त्यांची आईच हिरावून घेणे.

खाऊ घालणे आणि वाढवणे या दोन गोष्टींमधला फरकही आपण विसरतो. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञात कुत्री, कावळे, किडे यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवायचे आणि बाजूला व्हायचे. त्या दानातून कोणाशी नाते जडत नाही, म्हणून त्याची मर्यादाही दानापुरतीच राहते. दार बंद केले की नाते बदलते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एका स्त्रीची हकीकत आहे, जी मांजरामुळे नरकात गेली: तिने मांजर कोंडून ठेवले, त्याला खायलाही दिले नाही आणि जमिनीवरचे जीव टिपायला सोडलेही नाही. या हकीकतीतली नैतिक बारकाई मला फार मोलाची वाटते. मांजर न पाळल्याबद्दल तिला शिक्षा झालेली नाही. तिने मांजराची स्वतःचे पोट भरण्याची वाट अडवली आणि तिच्या जागी स्वतःची वाट उघडली नाही. स्वातंत्र्य काढून घेणाऱ्याने त्या स्वातंत्र्यातून जे मिळत होते ते सगळे भरून दिले पाहिजे, हा नियम कोणत्याही पंथाच्या माणसाला मान्य व्हावा.

यातूनच सर्वांत अवघड अडचण निर्माण होते. मांजर मांसाहारी आहे, सवयीने नव्हे तर देहाने. टॉरीन नावाचे द्रव्य तिला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही आणि ते मांसा-मासळीतून मिळते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा झिजतो, हृदय दुबळे होते. दूध-पोळीवर मांजर जगताना दिसते ती बहुधा बाहेर शिकार करून उरलेले भागवत असते. मग अहिंसा पाळणाऱ्या घराने हिंस्र प्राणी पोसावा का? जैन परंपरेने हा प्रश्न टाळलेला नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य असलेल्या व्यवसायांत ‘असतीपोषण’ सांगितले आणि त्या यादीत कुत्रा, कोंबडा यांच्याबरोबर मांजरही घेतले. तिथे अट आहे ती धनासाठी पोसण्याची. करुणेने दिलेला आसरा त्या नियमात येत नाही. पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही, कारण अठराव्या शतकात तेरापंथाचे संस्थापक आचार्य भिक्षू यांनी लौकिक दया आणि आध्यात्मिक दया यांत रेघ ओढली ती अशाच पेचांमुळे. एका जिवाला वाचवताना दुसऱ्याच्या मरणात आपण भागीदार होतो, मग त्याला मोक्षमार्ग कसे म्हणावे, हा त्यांचा मुद्दा प्रामाणिक आहे आणि मांजर पाळणाऱ्याने तो गिळला पाहिजे. मांजराला मासळी घालणारा निष्पाप राहत नाही. माझे म्हणणे एवढेच की निष्पाप राहण्यासाठी मांजराला शाकाहारी ठेवणे हे त्याहून वाईट आहे. तिथे व्रत आपले असते आणि त्याची किंमत मांजराचे डोळे मोजतात. ज्या घरात मांसाचा डबा येऊ शकत नाही, त्या घराने पिल्लाला चार दिवस ऊब द्यावी आणि जिथे सुकट-मांदेली रोज येते असे घर शोधून द्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता नसबंदीचा प्रश्न. अनेक भाविक माणसे मांजरांना मनापासून खाऊ घालतात आणि नसबंदीचे नाव काढताच मागे सरतात. देवाने दिलेले वेत बंद करणारे आपण कोण, असे त्यांना वाटते. हा आक्षेप हसून उडवण्यासारखा नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातले अहिंसेचे विवेचन त्याला बळच देते. एका जिवाच्या रक्षणासाठी दुसऱ्याची हिंसा करून तिला अहिंसा म्हणणाऱ्यांवर ज्ञानेश्वर तिथे कठोर टीका करतात. यज्ञातल्या पशुवधाला धर्म मानणारे त्यांच्या तडाख्यात सापडतात, तसेच औषधासाठी झाडे तोडणारे, प्राणी मारणारेही. भूल देऊन मुक्या प्राण्याचे पोट उघडणे याच पंगतीत बसत नाही का? मला वाटते, बसत नाही, आणि त्याचे कारण त्या विवेचनातच आहे. तिथे दोष आहे तो एकाची इजा दुसऱ्याच्या फायद्यासाठी वापरण्याचा. नसबंदीत इजा जिला होते, लाभही आधी तिलाच होतो. मांजर पाच-सहा महिन्यांची होताच माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. रस्त्यावरच्या मांजरीचे सगळे आयुष्य या फेऱ्यात झिजते. वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेने स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही बराच घटतो. आणि पिल्लांचे काय होते? अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात भटक्या मांजरांच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यांतली १२७ पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे चारांतली तीन. आपल्या रस्त्यांवर गाड्या, कुत्री आणि पावसाळा लक्षात घेता परिस्थिती सुखाची असेल असे मानायला जागा नाही. जो जन्मलाच नाही त्याचे आपण काही देणे लागत नाही. जो जन्मला त्याचे सगळे देणे लागतो. रोज दोन वेळा खाऊ घालून मांजरीला धडधाकट ठेवायचे, तिची वेते वाढू द्यायची आणि पिल्ले मरताना दैवाकडे बोट दाखवायचे, ही दया अर्धवट आहे. वेतांची संख्या वाढण्यात खाऊ घालणाऱ्याचा हात आधीच लागलेला असतो. निसर्गात ढवळाढवळ नको हा मुद्दा पहिल्या घासाच्या वेळी मांडता आला असता, नसबंदीच्या वेळी त्याला उशीर झालेला असतो.

माणसांची मुले उपाशी असताना मांजरांवर खर्च का, हेही विचारले जाते. दया ही ठरावीक मापाची रक्कम आहे आणि मांजराला दिली तेवढी मुलाकडून वजा झाली, असे गृहीत धरले तरच हा आक्षेप उभा राहतो. तसे होत असेल, एखाद्या घरात मुलाच्या फीचे पैसे मांजराच्या सलाइनला जात असतील, तर आक्षेप खरा आहे आणि त्या घराने पिल्लू घेऊ नये. एरवी तो बहुधा दोहोंसाठी काहीच न करणाऱ्याकडून येतो. बंगालच्या षष्ठीव्रतांत मुलांचे रक्षण करणाऱ्या देवीचे वाहन मांजरच आहे, आणि स्वतः खाऊन मांजरावर चोरीचा आळ घेणाऱ्या सुनेची मुले देवी हिरावून नेते अशी कथा त्या व्रतात सांगतात. ती रचणाऱ्या बायकांना मुलांची माया आणि मांजराला न्याय या एकमेकींविरुद्धच्या गोष्टी वाटल्या नव्हत्या. पक्षिप्रेमींचा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे. अमेरिकेत मांजरांमुळे वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मरतात असा अंदाज २०१३ साली एका अभ्यासात मांडला गेला. त्याचे उत्तर मांजरे हुसकावण्यात नाही. पिल्लाला कोवळ्या वयापासून घरात वाढवणे, पोटभर घालणे, खेळवणे आणि संख्या रोखणे यात ते आहे. म्हणजे पुन्हा वाढवण्याच्या पूर्ण जबाबदारीतच.

राहिले खाली ठेवणे. दुसऱ्या आठवड्यापासून सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाला माणसाची सवय लागण्याचा असतो. तेव्हा हाताळलेले पिल्लू कोणत्याही घरात रुळते, आणि म्हणूनच आठ-दहा आठवड्यांचे होताच ते चांगल्या घरी देणे हा वाढवण्याचाच भाग आहे. वाढवणाऱ्याला ते नेमके याच वयात सर्वांत प्रिय झालेले असते. इथे ज्याचा हात आखडतो आणि चार पिल्लांची दहा, दहाची तीस होऊ देतो, त्याच्या घरात शेवटी रोग शिरतो, पॅनल्यूकोपेनियासारखी साथ एका आठवड्यात सगळी पिल्ले नेते, आणि शेजारीपाजारी मांजरांनाच वैरी मानू लागतात. भरताची चूक आजच्या फ्लॅटमध्ये अशा रूपात दिसते. याउलट आंधळे, पाय गेलेले, कोणीच न नेलेले मांजर पंधरा वर्षे सांभाळणारा भरताच्या वाटेने जात नाही, कारण तिथे गरज मांजराची आहे. शस्त्रक्रिया झालेली रस्त्यावरची प्रौढ मांजरी जखम भरल्यावर तिच्याच आवारात परत सोडणे हेही खाली ठेवणेच, आणि त्यानंतर तिला रोज पाणी-खाणे मिळेल एवढे पाहणे पुरते. हे सगळे एकट्या माणसाने करावे असे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही. ज्या सोसायटीत एक बाई पिल्लांना रात्री उठून पाजते, तिथे दुसऱ्याने दवाखान्याची फेरी घ्यावी, तिसऱ्याने शस्त्रक्रियेचा खर्च उचलावा, आणि ज्याला मांजर मुळीच आवडत नाही त्याने पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत जिन्याखालचे खोके हलवू नये.