आधी लॉग उघड, मग मॅनिफोल्ड निवड

पुणे

चि. मुक्ता हीस,


तुझं पत्र आणि सोबतची चारही चित्रं मिळाली. चित्रं नीट काढली आहेस, मापंही लिहिली आहेस, त्यामुळे वाचायला सोपं गेलं. "आत्या, यातला कुठला मॅनिफोल्ड जास्त पॉवर देईल?" असं तू विचारतेस. त्याआधी मला तुझ्याकडून मागच्या वर्षीच्या गाडीचा लॉग हवा आहे. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवेवर तुमच्या सीनियर मुलांनी फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतली एन्ड्युरन्स शर्यत पळवली, त्या २२ किलोमीटरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा असताना इंजिन कितीवर फिरत होतं, ते काढ. हजार-हजार आरपीएमचे गट पाड आणि प्रत्येक गटात किती सेकंद गेले ते मोज. तुझा मॅनिफोल्ड त्या तक्त्यात सापडेल.

या स्पर्धेची आखणी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कोन मांडलेला अरुंद रस्ता, वळणामागून वळण, सरळ पट्टा कुठं मिळालाच तर तो ऐंशी मीटरच्या आतबाहेर. इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर रेसिंगच्या गाड्या पळताना तू पाहिल्या आहेस; तिथं फेरी ३.७ किलोमीटरची, लांब पट्ट्यावर गिअर वर चढत जातात आणि वरच्या आरपीएमला घोडे मोजण्यात अर्थ असतो. तुमची गाडी वळणातून बाहेर पडते, दोन क्षण खेचते आणि पुन्हा ब्रेक लावते. ७५ मीटरचा ॲक्सिलरेशनचा प्रकार सोडला, तर सगळ्यात वरचं टोक तुमच्या हाती फार थोडा वेळ लागतं. म्हणून डायनोच्या आलेखाचं शिखर पाहून मॅनिफोल्ड निवडू नका, हे मला तुला आग्रहानं सांगायचं आहे. ड्रायव्हर जिथं पाय दाबतो तिथं आलेख भरलेला हवा.

आता तुमचं इंजिन. जुन्या पिढीच्या ड्यूक ३९०चं, ३७३ सीसी, एकच सिलिंडर. आमच्या चाकणला बनलेलं, म्हणून मला त्याचं थोडं अधिक प्रेम. त्यावर नियमाचा २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर आणि क्रम ठरलेला: आधी थ्रॉटल, मग रिस्ट्रिक्टर, मग इंजिन. २० मिलिमीटरच्या भोकातून हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की आणखी ओढून जास्त येत नाही. सेकंदाला साधारण ७० ते ७५ ग्रॅमला ती अडकते. तुझ्या मैत्रिणीनं हिशेब केला आणि म्हणाली की आपल्याला ९,००० आरपीएमला सेकंदाला जेमतेम ३२ ग्रॅम लागते, मग रिस्ट्रिक्टरची चिंता कशाला? हिशेब बरोबर आहे, पण तो सरासरीचा आहे. एकटा सिलिंडर ७२० अंशांच्या चक्रात साधारण २४० अंशच व्हॉल्व्ह उघडा ठेवतो. सगळी हवा त्या तिसऱ्या हिश्शात ओढायची, म्हणजे त्या क्षणी मागणी तिप्पट. तिथं रिस्ट्रिक्टर आडवा येतो. चार सिलिंडरवाल्या संघांना हा त्रास इतका होत नाही. त्यांचे घोट एकापाठोपाठ एक येतात.

म्हणून मधे प्लेनम लागतो. चेन्नईत तुमच्या बिल्डिंगखाली संप असतो ना, तसंच हे काम: नळाची धार बारीक पण सतत, पंप मात्र दणकन ओढणार, आणि दोघांचा मेळ मधल्या टाकीनं बसवायचा. टाकी लहान असेल तर रिस्ट्रिक्टरला इंजिनाचा प्रत्येक हिसका जाणवतो. मोठी असेल तर प्रवाह शांत, पण पायाला उशीर. इंजिनाच्या दहापट, म्हणजे पावणेचार लिटरचा प्लेनम घेतलास असं धर. ६,००० आरपीएमला सेकंदाला ५० चक्रं होतात, तेव्हा थ्रॉटल मिटल्यावर आतली हवा उपसायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जाणार. वळणात शिरताना ड्रायव्हरला गाडी अजून ढकलते आहे असं वाटेल, तो बिचकेल आणि ब्रेक लवकर मारेल. तुझ्या तिसऱ्या चित्रातला प्लेनम सहा लिटरच्या पुढं जातो. तो मी काढून टाकीन. तीनच्या आसपास सुरुवात कर आणि दोन अर्ध्यांत बनव, म्हणजे मधे पट्टी घालून वाढवता येईल. ड्रायव्हरला बसवून दोन्ही मापं चालवून बघ, आणि त्याला आधी आकडा सांगू नकोस.

रिस्ट्रिक्टरच्या पुढचा पसरत जाणारा भाग आखूड करून जागा वाचवायचा मोह होतो. तो टाळ. कोन एका बाजूनं साडेतीन-चार अंशांपलीकडे गेला की प्रवाह भिंत सोडतो आणि दाब परत मिळत नाही. तुझ्या पहिल्या चित्रात तो सात आहे. कदाचित तू पूर्ण कोन लिहिला असशील. तसं असेल तर ठीक.

रनरची, म्हणजे प्लेनमपासून हेडपर्यंतच्या नळीची, लांबी हा मला सगळ्यात आवडणारा भाग. व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टन ओढतो, नळीत कमी दाबाची लाट उठते, प्लेनमच्या तोंडावर आपटून जास्त दाबाची होऊन परत येते. ती व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेताला आत पोचली, तर फुकटची हवा कोंबली जाते. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून, म्हणजे हेडमधला मार्ग धरून, ३०० मिलिमीटर लांबी घे. ध्वनीचा वेग ३५० मीटर धरला, तर नळीची स्वतःची कंपनं सेकंदाला साधारण २९२ होतात. ८,७५० आरपीएमला इंजिनाची चक्रं ७३, म्हणजे चौथ्या पटीला मेळ बसतो. ७,००० ला पाचव्या पटीला. पाचवी लाट जास्त वेळा आपटून आलेली, म्हणून दमलेली. आता लांबी ३८० कर. कंपनं २३० वर येतात आणि तीच जोरदार चौथी लाट ६,९०० ला मिळते. ऐंशी मिलिमीटर नळीनं शिखर जवळपास दोन हजार आरपीएम खाली आणलं. माझा अंदाज आहे की तुमच्या लॉगमध्ये सगळ्यात उंच खांब तिथंच, सहा ते साडेसात हजारांत, असेल. तसा निघाला तर दुसरं चित्र घे, लांबी ३८० कर, आणि प्लेनमच्या आत रनरचं तोंड तुतारीसारखं गोल वळव. कड धारदार ठेवू नकोस. हा कागदावरचा हिशेब पहिला अंदाज देतो. नळी दोन-तीन लांबींत कापून डायनोवर लावून बघितल्याशिवाय त्यावर शपथ घेऊ नकोस.

डायनोचा विषय निघाला म्हणून सांगते. इथल्या एका ओळखीच्या संघाचे आकडे तुम्ही समोर ठेवून बसला आहात. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं हवेचा दाब चेन्नईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी. तुमच्याकडे दाब भरपूर, पण ३२ अंशांच्या दमट दुपारी हवेतला साडेतीन टक्के हिस्सा पाण्याच्या वाफेचा असतो, आणि तिच्यानं काही जळत नाही. दोन्ही गावांचे आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. तुमचे तुमच्याशी ताडा, एकाच दिवशी, तापमान आणि दमटपणा लिहून. उकाड्यानं लाटेचा मेळही सरकतो, पण बारा अंशांनी जेमतेम दोन टक्के, त्याची काळजी नको. काळजी गरम हवेची कर. हवा आत घेणारं तोंड रेडिएटरच्या मागं आणू नकोस, आणि सायलेन्सरची नळी व प्लेनम यांच्या मधे उष्णतारोधक पत्रा घाल.

कशाचा बनवायचा? कॉलेजच्या प्रिंटरवर पीएलएमध्ये छापायचा बेत सोडून दे. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि थांबलेल्या गाडीत इंजिनाजवळ तेवढं तापमान सहज होतं. पावडरमधून लेझरनं घडवलेलं नायलॉन मिळत असेल तर उत्तम. नाही तर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आर्गन वेल्डिंग. अंबत्तूर एस्टेटमध्ये हे काम हातचं असलेली माणसं आहेत, त्यांच्याकडे चित्र घेऊन स्वतः जा आणि वेल्डिंग पाहायला उभी राहा. तमिळ तुटकी असली तरी चालेल, मिलिमीटर सगळीकडे तेच असतात. तुमच्या शहरात ही विद्या जुनी आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३चा. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा बाहेरून भाग आणणं जवळजवळ अशक्य होतं आणि जे हवं ते तिथंच घडवावं लागे. पुदुपेट्टईच्या बाजारात जुना थ्रॉटल, सेन्सरचा कनेक्टर, ब्रॅकेट खुशाल घे. हेडला लागणारा रबरी बूट मात्र जुना घेऊ नकोस. वरून चांगला दिसतो आणि घडीत चिरलेला असतो.

आता बसवणं. याला तुम्ही वेळापत्रकात अर्धा दिवस दिला आहे, मी तीन देईन.

वेल्डिंगनंतर फ्लँज वाकतेच. सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून फिलर गेज घाल; ०.०५ ची पात सहज जात असेल तर काचेवर पॉलिश पेपर पसरून घास, किंवा मशीनवर एक हात मारून घे. हेडच्या बाजूचं जुनं पॅकिंग प्लास्टिकच्या पट्टीनं खरवड, ग्राइंडर जवळ आणू नकोस. त्याआधी पोर्टमध्ये स्वच्छ फडकं कोंब आणि काढायची आठवण म्हणून त्याला लाल दोरा बांध. मॅनिफोल्डचं भोक हेडच्या भोकापेक्षा केसभर लहान चालेल, मोठं चालणार नाही. हवेला समोरून पायरी लागता कामा नये. गॅस्केटची कड आत डोकावते का, बोट फिरवून बघ.

तुमच्या इंजिनात इंजेक्टर थ्रॉटल बॉडीत असतो आणि थ्रॉटल आता रिस्ट्रिक्टरच्या पलीकडे गेला, म्हणून इंजेक्टर रनरवर, हेडच्या जवळ आणावा लागेल. रेल सोडण्याआधी पेट्रोलचा दाब उतरव. ओ-रिंग नव्या घाल, तेलाचा हात लावून बसव, पिळू नकोस. बोल्ट हातानं पूर्ण बसल्यावरच टॉर्क रेंच घे, समोरासमोर, दोन फेऱ्यांत, आकडा मॅन्युअलमधला. ॲल्युमिनियममधल्या छोट्या आट्यांना अंदाजाचा पाना सहन होत नाही. आणि प्लेनम हेडवर लटकत ठेवू नकोस. एका सिलिंडरचं इंजिन थरथरतं, काही तासांत वेल्डिंग चिरतं. ब्रॅकेट दे, मधे रबर दे.

मग सगळी तोंडं बंद करून थोडी हवा भर आणि साबणाचं पाणी लाव. धूर सोडायचं यंत्र मिळालं तर आणखी बरं. तापलेल्या इंजिनावर क्लीनर फवारून गळती शोधायची सवय मेकॅनिक लोकांना असते, ती तू उचलू नकोस. आगीशी खेळ आहे. गळकी जागा रिस्ट्रिक्टरनंतरची असेल तर दोन नुकसानं एकदम होतात. मिश्रण पातळ होऊन आयडल वरखाली डोलायला लागतं, आणि तपासणीत रिस्ट्रिक्टरचं तोंड झाकल्यावर इंजिन बंद पडायला हवं, ते पडत नाही. ही चाचणी तुम्ही गॅरेजमध्येच करा, थंड इंजिनावर एकदा आणि तापल्यावर पुन्हा. तापल्यावर सांधे उघडतात.

मॅपिंग नव्यानं करावंच लागेल, जुना नकाशा या मॅनिफोल्डला लागू नाही. एका सिलिंडरच्या प्लेनममधला दाब सतत उड्या मारतो, त्यामुळे मुख्य नकाशा थ्रॉटलच्या कोनावर ठेवा आणि दाबाचा उपयोग दुरुस्तीपुरता करा. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८८ च्या जवळ धरून सुरुवात करा, नॉक ऐकत ऐकत हळूहळू पुढं सरका.

लॉगची फाइल आज-उद्या पाठव, मी रविवारी बसून बघते. पहिल्या चित्रातला कोन पूर्ण की अर्धा, तेही कळव. वहिनीला सांग, तिच्या पत्राचं उत्तर वेगळं लिहिते.

तुझी,
आत्या