संशयाचा फायदा कोणाला?

संशयाचा फायदा आरोपीस द्यावा, हे तत्त्व आम्हां वकिलांच्या इतके अंगवळणी पडले आहे की ते सर्वत्र लागू पडते अशी आमची भाबडी समजूत असते. सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून पोटासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. यंत्रमाग आणि कापडरंगाईच्या गिरण्या यांवर त्यांतील पुष्कळांची चूल पेटते. अशा एखाद्या रंगाई-कामगाराच्या लघवीतून रक्त जाऊ लागले आणि मूत्राशयात कर्करोगाची गाठ आढळली, असे समजा. (रंगद्रव्यांच्या कारखान्यांचा या रोगाशी असलेला संबंध फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनी 1895 साली दाखविला, तंबाखूचा धूर हे मात्र त्याहून मोठे कारण.) ती गाठ सौम्य प्रतीची की उग्र, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

अखेरचा निर्वाळा आजही मूत्रमार्गाने दुर्बीण घालून काढलेल्या तुकड्याचाच. परंतु एम.आर.आय.ची विसरण-पद्धती शस्त्र न लावता अंदाज बांधू पाहते. शरीरातील पाण्याचे कण सतत हलत असतात; उग्र गाठीत पेशींची दाटी असल्याने त्यांची वाट अडते. विसरणाचा आकडा जितका खाली, तितका उग्रतेचा संशय अधिक. नव्या, प्रगत पद्धती त्या हालचालीतील अनियमितपणाही टिपतात.

तथापि सौम्य व उग्र गाठींचे आकडे एकमेकांत मिसळतात. कोठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि तेथे प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. रेघ खाली ओढली, तर एखादी उग्र गाठ सौम्य ठरून निसटेल आणि स्नायूत शिरेल. वर ओढली, तर सौम्य गाठीच्या माणसाच्या वाट्याला नाहक धास्ती येईल. न्यायालयात या दोन चुकांपैकी अधिक वाईट कोणती, हे समाजाने आधीच ठरवून ठेवले आहे. येथे रेघ ओढणारा एक, भोगणारा दुसरा!

निदानासाठी दिलेली संमती ही उपचाराची संमती नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 सालच्या एका निकालात सांगितले. मी एक पाऊल पुढे जाईन: आकड्यातील संशय रुग्णापासून झाकून ठेवणे म्हणजेही त्याची संमती हिरावणेच होय. ‘कामगाराला यातले काय कळणार?’ असे विचारणारे सुशिक्षित भेटतात. रोज बुडाला तर घर किती दिवस तग धरील याचा हिशेब ज्याला तोंडपाठ आहे, त्याला शक्याशक्यता उमगत नाही, हे मला मान्य नाही. त्याला ती कदाचित अहिराणीत सांगावी लागेल. आणि दाराबाहेर रांग लागलेली असताना त्यासाठी अर्धा तास काढणे वैद्याला जड जाते, हे मात्र खरे.